न दिलेला हुंकारा

पॉडकास्टसाठी एआयची साधनं निवडायची म्हणून मी आणि माझा मित्र सलग चार रविवार बीडमधल्या त्याच्या खोलीत बसलो. ते रविवार आठवले की अजून तोंड कडवट होतं. एक साधन आवाज स्वच्छ करणारं, एक बोलणं लिहून काढणारं, एक मथळे सुचवणारं. पहिल्यानं माझा आवाज असा काही गुळगुळीत केला, की मोबाईलवर कर्ज घ्या म्हणून मागं लागणाऱ्या बाईचा मी सख्खा भाऊ शोभलो असतो. मथळेवाल्याला एका मेंढपाळाची मुलाखत दिली, तर त्यानं ‘मेंढपाळाकडून शिका यशाची पाच सूत्रं’ असं लिहून दिलं. मित्र खूश. मला शिसारी आली.

“लोक हेच ऐकतेत बे,” तो म्हणाला. “तुला आपलं कोर्टातल्यावानी रटाळच लागतंय.”

कोर्टातलं म्हणाला, कारण मी बीडच्या कोर्टाबाहेर टायपिंग करतो. दिवसभर लोकांच्या तोंडचं म्हणून जे लिहितो, ते त्यांच्या तोंडचं नसतंच. बहिणी भावासाठी जमिनीचा हक्क सोडायला येतात, आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत मी ‘राजीखुशीने लिहून देते’ असं टाईप करून मोकळा झालेला असतो. त्या कामाचा वीट आला म्हणून तर पॉडकास्ट काढला. माणसं बोलतील तशी ऐकवायची, आपली जीभ मधे घालायची नाही, एवढी एकच अट मी घातली होती. मित्रानं ती लगेच मान्य केली, कारण त्यानं ती ऐकलीच नव्हती.

मुलाखत दिलेलं मेंढपाळ जोडपं चौसाळ्याच्या अलीकडे राहायचं. दोघंही सत्तरीकडे झुकलेले. मी त्यांना मामा आणि मामी म्हणायचो. सांगणारे मामा, आणि शेजारी बसून हुंकारा देणाऱ्या मामी. त्यांच्यात गोष्ट सांगायची रीतच तशी. जवळ बसलेल्या माणसानं वाक्यागणिक ‘हं’ म्हणायचं, तेव्हा गोष्ट पुढं सरकते. मामांनी मेंढरं घेऊन हिंडायच्या वाटा सांगितल्या, लांडगा सांगितला, गारपिटीत गेलेली कोकरं सांगितली. मामी पदराशी चाळा करत ‘हं, हं’ करत होत्या. मग कळप विकल्याची गोष्ट आली. मुलाला बीडला क्लास लावायचा होता.

“मंग आमी दोघायनी इचार केला,” मामा म्हणाले, “आन् मेंढरं इकली.”

मामी गप्प. मामांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. मामी बाहेर बघत बसल्या. बराच वेळ रेकॉर्डिंगमध्ये नुसता वारा आणि एक कोंबडी. शेवटी मामांनी घसा खाकरला आणि मुलाच्या क्लासचं सांगायला लागले. मला वाटलं, म्हातारीचं लक्ष उडालं. इतका मी शहाणा.

आवाज स्वच्छ करणाऱ्या साधनाला मामींचे हुंकारे म्हणजे घाण वाटली. त्यानं ते जवळजवळ सगळे उपटून फेकले. वारा, कोंबडी, ती मोठी गप्प जागा, सगळं गेलं. मामा भिंतीशी बोलत असल्यासारखे ऐकू यायला लागले. मी चिडलो, तर मित्रानं आणखी एक साधन शोधून आणलं. आवाजाचा नमुना दिला की त्याच आवाजात हवं ते म्हणून देणारं. मामींच्या दोन-चार ‘हं’वरून त्यानं ढीगभर पाडून दिले. मित्र वाक्य संपलं की एक, असे ते चिकटवत गेला. मेंढरं विकल्याच्या वाक्यालाही एक चिकटवला. मूळ रेकॉर्डिंग माझ्या खिशातल्या मोबाईलमध्ये होतं. ते जसंच्या तसं लावता आलं असतं. पण एवढे रविवार घालवल्यावर कोंबडीसकट काही ऐकवणं मलाच कमीपणाचं वाटलं. मी शेजारी बसून चहा पीत होतो, आणि मान डोलावली.

पॉडकास्टचा तो भाग टाकल्यावर आठवड्यानं एसटीनं मामा-मामींकडे गेलो, तर मामा भलतेच खुशीत. पुण्याहून मुलानं तो भाग त्यांच्या मोबाईलवर पाठवला होता. त्यांनी तो टपरीवर, पारावर, सोयऱ्यांच्या घरी, सगळीकडे वाजवला होता. तोही पूर्ण नाही, तेवढाच तुकडा. माझ्यासमोरही त्यांनी तोच लावला. आमी दोघायनी इचार केला आन् मेंढरं इकली. हं.

“ऐकलं का?” मामा म्हणाले आणि पुन्हा लावला.

मी मनातल्या मनात फुगलो. तेवढ्यात मामींनी चहाचा कप माझ्यापुढं ठेवला आणि विचारलं, “भाऊ, ही कोण बाई बोलती?”

“तुमीच की मामी.”

“मी न्हाई.”

मग सगळं सांगावं लागलं. कॉम्प्युटर, आवाजाचा नमुना, ऐकणाऱ्याला बरं वाटावं म्हणून केलेली सुधारणा.

“मेंढरं माझ्या बापानं दिलती,” मामी म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. “मी सोयऱ्यात लग्नाला गेलते. माघारी आले तर दावणीला कोकरू सुदिक न्हवतं. बारा वर्सं झाली. ह्यायनी किती डाव सांगितलं, किती लोकायपुढं सांगितलं, तिथं मी कवाच हं दिलं न्हाई. तुमी कावून दिलं?”

मित्रावर, त्या साधनांवर, मथळ्यांवर जेवढा म्हणून चिडलो होतो, तो सगळा राग माझ्याच अंगावर आला. कोर्टाबाहेरच्या कागदावर निदान अंगठा तरी त्या बाईचा असतो. इथं मी तोही परस्पर उठवून मोकळा झालो होतो. स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती.

तिथंच बसून मी तो भाग पॉडकास्टवरून काढून टाकला. मित्राला विचारलंही नाही. मग मामांपुढं हात केला. “मामा, तुमच्या मोबाईलातलं बी काढतो. द्या.”

मामांनी मोबाईल दिला नाही. मामींकडं न बघताच म्हणाले, “राहू द्या की. मशिनीनं का हुईना, हं तर म्हणलं.”

मामी उठून आत गेल्या. मामांनी मोबाईल बंडीच्या आतल्या खिशात घातला आणि वरून हात दाबून धरला.