अर्धा दाखला

"बोल गो बाय, शेवटचा भाव सांग."

काउंटरवर दोन्ही कोपरं टेकून ती हे म्हणायची. बाजारात नाही हं, शाळेच्या ऑफिसात. अंबरनाथच्या एका खाजगी शाळेत मी क्लार्क आहे. बारावीपर्यंतचे सगळे दाखले माझ्या हातून निघतात. तिच्या मुलीची फी थकली होती, आणि फी पूर्ण भरल्याशिवाय दाखला द्यायचा नाही असा आमच्या संस्थेचा नियम. नियमात घासाघीस चालत नाही, हे मी तिला किती वेळा सांगितलं असेल! ती शांतपणे ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "सगल्यान चालते. तू वरच्याला विचारून ये."

ती मोरिवलीची. उल्हासनगरला कॅम्प दोनच्या बाजारात सुकी मासळी विकायला बसायची आणि तिथून टोपली घेऊन थेट आमच्याकडे. तिच्या आधी तिचा वास आत यायचा. ऑफिसातल्या नव्या मॅडम नाकाला रुमाल लावायच्या. ते तिच्या नजरेतून सुटायचं नाही. "मॅडम, आदी तव्यावर परतून खावा, मंग नाक धरा," म्हणायची आणि कागदात बांधलेली मूठभर सुकट माझ्या टेबलावर ठेवायची. मी नको नको म्हणायचे आणि घ्यायचे. खोटं कशाला बोलू, भाकरीबरोबर फार छान लागायची.

सिंधी गिऱ्हाइकांशी बोलून बोलून तिच्या तोंडात 'साईं' बसलं होतं. एकदा संस्थेचे अध्यक्ष ऑफिसात आले, तर त्यांनाही ती "साईं, जरा आमच्याकडं पन बगा" म्हणाली. अध्यक्ष पक्के देशस्थ. त्यांचा चेहरा असा झाला की शिपाई हसू लपवायला बाहेर पळाला. अध्यक्ष मात्र चिडले नाहीत. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "असं एकेकाला सोडत बसलो तर यांचे पगार कुठून काढू?" तिने माझ्याकडे बघितलं. मी कॉम्प्युटरकडे बघितलं.

तिचा नवरा एमआयडीसीत कामाला होता. कंपनी बंद पडली आणि पाठोपाठ त्याच्या मणक्याने दगा दिला. पण यातलं काही तिने रडून सांगितलं नाही. रडणारी माणसं आमच्याकडे रोज येतात. तुम्ही कधी अशा खिडकीशी उभे राहिला असाल, आतून किंवा बाहेरून, तर तुम्हालाही ठाऊक असेल. काही वर्षांनी ते रडणं कानात शिरतच नाही. पंख्याचा आवाज शिरत नाही तसं.

मुलगी बारावी सायन्स. वर्गात कोणाचं ढोपर फुटलं, कोणाला भोवळ आली, की पोरं शिक्षकांना बोलवायच्या आधी हिला बोलवायची. तिचा नर्सिंगला नंबर लागला, तोही सरकारी कॉलेजात. तिथं फी नावालाच. बाकी सगळे कागद जमले होते, फक्त शाळा सोडल्याचा दाखला बाकी होता. प्रवेशाची शेवटची तारीख शुक्रवार.

त्या आठवड्यात आई रोज आली. सोमवारी तिने नवाच सौदा काढला. "अर्दी फी तं आमी भरली ना? मंग अर्दा दाखला द्या. वरचा अर्दा आता द्या, खालचा दिवालीला." अख्खं ऑफिस हसलं. तीही हसली. मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "हसू नका, विचारून या."

मी खरंच विचारून आले. वरचे नाही म्हणाले.

तिला बाजूला घेऊन मी म्हटलं, "कायद्याने असा दाखला अडवता येत नाही. शिक्षण खात्यात अर्ज कर. ते शाळेला कळवतील."

"कवा कलवतील?"

"बघतील, चौकशी करतील..."

"शुक्रवारच्या आदी?"

मी रजिस्टर पुढे ओढलं.

गुरुवारी ती म्हणाली, "बाय, मना नुस्ता दाखव तरी." मी कपाट उघडून दाखला काढला. सही झालेली, शिक्का मारलेला, सगळं तयार. तिने हात लावला नाही, हात वासाचे होते म्हणून. वाकून बघत राहिली. "हा तं हाय की इथं," ती म्हणाली. मी तो परत कपाटात ठेवला.

शुक्रवारी मुलगीही आली होती, पण गेटच्या आत आली नाही. शिक्षकांसमोर लाज वाटते म्हणाली म्हणे. ऑफिस बंद करायची वेळ झाली तशी आईने टोपली उचलली. "उद्या चालल काय?" मी म्हटलं, नाही चालणार. "बरं," म्हणाली आणि गेली. खिडकीतून मला दिसल्या दोघी. मुलीने काही विचारलं नाही, आईच्या डोक्यावरची टोपली आपल्या डोक्यावर घेतली आणि चालायला लागली.

मला वाईट वाटायला हवं होतं. मी वाट बघितली, पण वाटलंच नाही. घरी गेले, कुकर लावला, जेवले, झोपले. बधिर झालंय माणूस, दुसरं काय!

मुलगी पुढे कॅम्प दोनमध्येच मोबाईल कव्हरच्या दुकानात लागली, असं शिपायाकडून कळलं. आई वर्षभर फिरकली नाही.

मग एक दिवस आली. नवी साडी, टोपली नाही, सोबत हातात हेल्मेट घेतलेले एक गृहस्थ. "नवऱ्या मुलाचे काका," तिने ओळख करून दिली. मुलीचं लग्न ठरलं होतं, सोनिवलीला, नव्या बिल्डिंगमध्ये फ्लॅट होता त्यांचा. लग्नाच्या नोंदणीला वयाचा पुरावा म्हणून दाखला हवा होता. उरलेली फी काकांनी भरली. मी कपाटातून तोच कागद काढून दिला. शिपायाने आणलेला चहा अजून गरम होता.

"नाव बरोबर लिवलंय काय, वाच गो बाय," ती म्हणाली.

मी वाचत गेले. नाव, आईचं नाव, जन्मतारीख. वर्तणूक, चांगली. शाळा सोडण्याचे कारण, पुढील शिक्षणासाठी.

"काय म्हनलीस? ते पुना वाच."

"पुढील शिक्षणासाठी."

ती कागदाकडे बघत राहिली. काकांनी मोबाईलमधून मान वर केली. "ते काय का लिहिलेलं असेना, त्याचं आपल्याला काही नाही. जन्मतारीख नीट आहे ना?"

"आहे," मी म्हटलं.