माझा फोन आला तरी

बँकेच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या खोलीत ती बसायची. कुणाच्या कार्डावर काही विचित्र खरेदी दिसली की त्या ग्राहकाला फोन करून "ही तुम्हीच केलीत का?" एवढं विचारायचं, हे तिचं काम. पण लोकांनी फोनवरच्या भामट्यांचा इतका धसका घेतला होता की तिचं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत समोरचा फोन आपटायचा. कुणी शिव्या हासडायचं. कुणी म्हणायचं, "बाईमाणूस असून लाज कशी वाटत नाही?" ऑफिसात सगळे तिला खबरदारताई म्हणत, आणि ती ते हसण्यावारी नेई.

पन्नाशी उलटली होती. आई होती तोवर घरी कुरकुरायला तरी कुणी होतं. आई गेल्यापासून संध्याकाळी कुलूप उघडलं की सकाळी पुन्हा लावेपर्यंत तिच्या तोंडून शब्द निघत नसे. भाऊ परगावी. त्याचा फोन यायचा तो वहिनीने आठवण केली की.

एकदा सकाळीच एक खातं तिच्या पुढ्यात आलं. निवृत्त टेलरमास्तर, घरी एकटेच. कित्येक वर्षं त्यांचं कार्ड एका औषधाच्या दुकानात आणि एका वाण्याकडे, एवढंच चालायचं. आता त्याच कार्डावर कुठल्याशा लांबच्या शहरात दोन महागडे मोबाइल घेतलेले. तिने फोन लावला.

"बँकेतून बोलतेय. तुमच्या कार्डावर आत्ता मोबाइल खरेदी झालीय. तुम्ही केलीत का?"

"बँकेतून?" पलीकडचा थकलेला आवाज सावध झाला. "बँकेतली बाई मला रोज फोन करते. तिचा आवाज मी ओळखतो. तुम्ही कोण?"

"काका, माझ्यावर विश्वास ठेवू नका. फोन ठेवा, कार्डाच्या मागे छापलेला नंबर लावा आणि तिथे विचारा."

"बघतो," म्हणत त्यांनी फोन ठेवला. छापलेला नंबर काही त्यांनी लावला नाही. तिने मात्र लगेच कार्ड बंद करून टाकलं.

दुसऱ्या दिवशी मास्तर शाखेत हजर. औषधाच्या दुकानात कार्ड चाललं नव्हतं. उंच, किंचित वाकलेले, शर्टाला कडक इस्त्री. मॅनेजरने तिला खाली बोलावलं. तिने त्यांना कोपऱ्यातल्या टेबलाशी बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं, "ती रोज फोन करणारी बाई आमची नाही, काका."

मास्तरांनी पाण्याचा ग्लास हातात घेतला.

"काय काय विचारायची ती?"

"गुडघा कसा आहे. जेवलात का. रात्री झोप लागली का."

"आणि?"

"जन्मतारीख. आईचं माहेरचं आडनाव. मग मोबाइलवर आलेला आकडा." ते ग्लास उगाच फिरवत राहिले. "आकडा मागितला तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं."

"मग दिलात कशाला?"

"नाही म्हटलं असतं, तर दुसऱ्या दिवशी फोन आला नसता."

तिने तक्रार लिहून घेतली, नवीन कार्डाचं काम मार्गी लावलं आणि निघताना बजावलं, "यापुढे बँकेतून म्हणून कुणाचाही फोन आला तरी काही सांगायचं नाही. बोलायचंच नाही."

"तुमचा आला तरी?"

"माझा आला तरी."

मास्तरांनी मान डोलावली, पण उठेनात. तेव्हा तिच्या तोंडून निघून गेलं, "दुपारी मी समोरच्या बागेत डबा खाते. एकटीच असते." बोलून गेल्यावर तिने जीभ चावली.

आठवडाभराने ते बागेत आले आणि तिच्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. दिवसभर बोलण्याचं काम करूनही तिला समोरासमोर एक वाक्य सुचेना. मास्तरांनी तिच्या खांद्याकडे निरखून पाहिलं.

"हे ओढतंय इथे. कुणी शिवलं?"

"तयार घेतलंय."

"तरीच."

त्या दिवशी एवढंच बोलणं झालं. मग ते अधूनमधून येऊ लागले. काजं-बटणं बायकोच करायची, ती गेल्यावर मशीन मुलीने विकायला लावलं, असं काहीबाही सांगत. ती डबा पुढे सरकवी, ते नको म्हणत आणि मग एखादा घास घेत. एकदा त्यांनी विचारलं, "ती बाई सापडली का हो?"

"नाही."

"आवाज फार मायेचा होता तिचा."

तिला त्या भामट्या बाईचा चक्क हेवा वाटला, आणि मग स्वतःचीच लाज वाटली.

पुढे मास्तर येईनासे झाले. गुडघा दुखत असेल, असं तिने मनाशी धरलं. नंबर समोर संगणकात होता. पण खाजगी कामाला ग्राहकाचा नंबर वापरायचा नाही, हा नियम तिने एवढ्या वर्षांत कधी मोडला नव्हता.

मग एक दिवस त्यांच्या खात्यावर पत्ता बदलण्याचा अर्ज आला. नवा पत्ता मुलीच्या गावचा. फसवणूक झालेल्या खात्यातला बदल फोनवर पडताळून घ्यावा लागे, आणि ते काम तिच्याच वाट्याला आलं. फोन लावताना तिने पदर सारखा केला, जणू ते समोरच बसले होते.

"नमस्कार, बँकेतून बोलतेय."

"मला काही विचारू नका," मास्तर म्हणाले. मागे टीव्ही मोठ्याने चालू होता, कुणीतरी लहान मूल हसत होतं. "जे काय असेल ते मी इथल्या शाखेत जाऊन बोलेन."

"काका, मी..." ती थांबली. मी बागेतली, असं सांगावं? आपलेपणाने बोलून तर त्यांना लुबाडलं होतं.

"बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली. तोवर फोन कट झाला होता.

शेजारच्या टेबलावरची मुलगी वळली. "शिव्या घातल्या का, ताई?"

"नाही गं. चांगलं बोलले."

तिने शेरा लिहिला: ग्राहकाने फोनवर माहिती दिली नाही, शाखेत ओळख पटवून घ्यावी. दोन दिवसांनी तिकडच्या शाखेचा होकार आला. मास्तर मुलीला घेऊन स्वतः गेले होते. पत्ता बदलला आणि ते खातं तिच्या यादीतून निघून दुसऱ्या शाखेकडे गेलं. दुपार होऊन गेली होती. तिने डबा टेबलावरच उघडला आणि खाता खाता पुढचा नंबर वाचू लागली.