पुलाच्या अलीकडून परत

शैला गेल्याची बातमी आली तेव्हा मी महाविद्यालयाच्या परीक्षा विभागात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधत होते. फोन तिच्या धाकट्या भावाचा होता. “ताई पहाटे झोपेतच गेली,” एवढेच तो म्हणाला. त्या क्षणी माझ्या मनात आलेला पहिला विचार सांगायला मला आजही संकोच वाटतो. आज तिच्या दुकानाचे शटर कोण उघडणार, हा तो विचार होता. नाशिकमध्ये द्वारकेच्या चौकापासून थोडे आत तिचे ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचे दुकान होते. काकांनी सोडलेले ते दुकान तिने पंचविशीत हाती घेतले आणि अखेरपर्यंत एकटीने चालवले. सायखेड्यापासून येवल्यापर्यंतचे शेतकरी तिच्याकडे येत. बिडाचा कोणताही भाग गिऱ्हाइकाच्या हाती देण्याआधी ती त्यावर पान्याने हलकेच टकटक करी आणि मान तिरकी करून ऐके. आतून भेग असेल तर आवाज बसका येतो, असे ती सांगत असे.

शोकसभेत अनेकांनी तिच्या धाडसाची वाखाणणी केली. ती खरीच होती. मात्र तिच्या धाडसाचा मला जो अनुभव आला तो थोडा निराळा आहे, आणि तो सांगितल्यावाचून राहवत नाही. लिहिण्याचा मला सराव नाही. चार माणसांत बोलण्याचा तर त्याहून नाही. संस्कृतची अध्यापिका म्हणून वर्गात उभी राहते तेवढीच माझी सभा. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी पोहायला सांगितले म्हणून मी जलतरण तलावावर जाऊ लागले आणि पहिले कित्येक दिवस कठडा धरून उभी राहिले. शैला शेजारून सपासप पोहत जाई. एके दिवशी ती थांबली आणि म्हणाली, “बाई, हा कठडा कुठं पडत नाही. सोडून बघा जरा.” आमच्या मैत्रीची सुरुवात ही अशी.

पुढे दोन वर्षांनी तिने मला गोव्याला नेले आणि पाठीवर सिलिंडर बांधून समुद्राखाली उतरायला शिकवणाऱ्या एका शिक्षकाच्या स्वाधीन केले. ती स्वतः हे आधीच शिकलेली होती. त्या कोमट, निळ्या पाण्यात मला भीती वाटली नाही याचे मलाच नवल वाटले. तिथे शिकवलेले बरेचसे आता विसरले, परंतु एक नियम लख्ख आठवतो. पाण्याखाली दोघांची जोडी असते. जोडीतल्या कोणीही, कधीही, अंगठा वर केला की दोघांनी वर यायचे. कारण द्यायचे नाही आणि दुसऱ्याने ते विचारायचेही नाही. आयुष्यभर ‘चालेल’ आणि ‘काही हरकत नाही’ या दोन उत्तरांवर निभावून नेलेल्या मला हा नियम परक्या देशाच्या कायद्यासारखा वाटला. असा अंगठा आपल्याला कधी वर करता येईल, हे मला खरे वाटत नव्हते.

शैलाने हे सारे शिकण्यामागे एक हेतू होता. तिचे वडील, अण्णा, सार्वजनिक बांधकामात ओव्हरसियर होते. तरुणपणी त्यांनी शहराच्या पश्चिमेला एका नदीवर दगडी कमानींचा पूल बांधून घेतला होता. त्यांच्या स्वतंत्र देखरेखीखालचे ते पहिलेच काम. काही वर्षांतच खाली धरण झाले आणि पूल पाण्यात गेला. “सगळ्यांच्या पुलाखालून पाणी जातं, माझ्या पुलावरून जातं,” असे अण्णा हसत सांगत. पण नव्वदीच्या दशकाच्या शेवटी ते अंथरुणाला खिळले, आणि हसणे मागे पडून एकच प्रश्न उरला. “पूल उभा असेल का गं?” शैलाला त्याचे उत्तर आणून द्यायचे होते, आणि त्यासाठी फार काळ हाती नव्हता. पावसाळ्यानंतर गाळ खाली बसून पाणी जरा निवळते ते जानेवारीच्या सुमारास. तिने खेटे घालून परवानगी मिळवली, मुंबईहून सिलिंडर भाड्याने आणले, आणि जोडीदार म्हणून मला बरोबर घेतले.

नाशिकच्या जानेवारीत सकाळी नळाखाली हात धरवत नाही. आमचे रबरी पोशाख गोव्याच्या पाण्यासाठी शिवलेले, पातळ. शैलाने त्यावर उपाय काढला होता. घरून तिने दुधाच्या किटलीत कढत पाणी गोणपाटात गुंडाळून आणले होते. काठावर उभे करून तिने ते माझ्या मानेपाशी पोशाखात ओतले आणि म्हणाली, “ही तुमची आजची अंघोळ, बाईसाहेब. आता कुरकुर नको.” होडी सोमा नावाच्या मासेमाराची होती. पुलाची नेमकी जागा सरकारी नकाशापेक्षा त्यालाच ठाऊक होती, कारण त्याचे जाळे दरवर्षी तिथेच अडकून फाटत असे. “तुमच्या बापाच्या पुलानं माझी लय जाळी खाल्ली, बाई,” तो म्हणाला. “मग आज भांडण मिटवून येते,” शैला म्हणाली. सोमाने दोरीला दगड बांधून खाली सोडला. तो टेकला तेव्हा दोरी सैल झाली, आणि आम्ही तिच्या आधाराने उतरू लागलो.

वरचे पाणी हिरवे होते. हातभर, दोन हात अंतरावरचे दिसत होते. थोडे खाली गेल्यावर गारठ्याचा दुसराच थर लागला. किटलीतली ऊब केव्हाच निघून गेली होती. प्रथम बोटांतली जाण गेली, मग दात नळीवर वाजू लागले. श्वास भराभर होऊ लागला, आणि तो आवरत नाही हे कळल्यावर आणखी भराभर. खरे तर बिघडलेले काहीच नव्हते. हवा होती, दोरी हातात होती, शैला एका हाताच्या अंतरावर होती. केवळ थंडी होती आणि थंडीतून आलेली भीती होती. तेवढ्यात तिच्या विजेरीच्या उजेडात खाली एक सरळ, काळी कड दिसली. नदीच्या तळाशी इतके सरळ काही असत नाही. तो कठडा होता... शैलाने तो पाहिला, आणि आनंदाने माझ्याकडे वळून बोटांचे वर्तुळ करून विचारले, ठीक? उत्तरादाखल तसेच वर्तुळ करण्याची माझ्या हाताला जन्माची सवय. ती सवय त्या दिवशी कशी मोडली हे मला सांगता येत नाही. मी अंगठा वर केला.

तिने त्याच क्षणी स्वतःचा अंगठा वर केला. मी तिच्या डोळ्यांकडेच पाहत होते. तिने पुन्हा खाली पाहिले नाही, एकदाही नाही. माझ्या दंडाला धरून, आम्हांला ठरवून दिलेल्या संथ गतीने, वाटेत थांबत ती मला वर घेऊन आली.

“दिसला का पूल?” सोमाने विचारले.

“हात नाही लागला.”

“आन मंग आलात कशापायी वर?”

“थंडी वाजली,” शैला म्हणाली. कोणाला, ते तिने सांगितले नाही. मी बोलू लागले, “शैला, मी...” तर तिने माझ्या डोक्यावर कानटोपी ओढली. “आधी चहा घे. ओठ जांभळे झालेत, वांगी परवडली!”

संध्याकाळी सिलिंडर उतरवायला मी तिच्या घरी गेले होते. आतल्या खोलीतून अण्णांचा आवाज आला, “पाहिलास?” मी बाहेरच थांबले. शैला त्यांच्या उशाशी बसली. “कठड्याची कड दिसली, अण्णा. पण जवळ नाही गेलो. कमानी आहेत की नाहीत, सांगता नाही येणार. अलीकडूनच परत आलो.”

“का?”

“पाणी फार गार होतं.”

मग अण्णा म्हणाले, “बरं केलंत. पूल कुठं जातोय!”

पूल कुठेच गेला नाही. अण्णा त्या पावसाळ्यात गेले. त्यांच्या दहाव्याला रामकुंडावर मी शैलाच्या शेजारी उभी होते आणि तिच्याकडे पाहण्याचा मला धीर होत नव्हता. तिने मात्र माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि “त्या काकूंना दे, ऊन लागतंय त्यांना,” असे रोजच्या स्वरात सांगितले. त्या दिवशी नाही, त्या वर्षात नाही, पुढे कधीही तिने मला ‘का’ म्हणून विचारले नाही. मनात ठेवून विचारले नाही असेही नव्हे. मनात काही असते तर शैलाच्या तोंडावर ते दिसल्यावाचून राहिले नसते. दुकानात तर ते गिऱ्हाइकांनाही दिसत असे.

पुढच्या जानेवारीत तिने पुन्हा परवानगी काढली. सिलिंडर देणारा मुंबईचा तरुण या खेपेस स्वतः नाशिकला आला होता. चांगला तरबेज होता. माझ्या देखतच तो म्हणाला, “मॅडम, मी येतो ना तुमच्याबरोबर. मागच्या वेळी ह्यांनीच तर...”

“म्हणून तर त्यांना नेतेय,” शैला म्हणाली. “ज्यांना नको म्हणता येतं, त्यांनी ठीक म्हटलं की मला मागं वळून बघावं लागत नाही. तू होडीत बस आणि सोमादादाला तुझ्या बढाया सांग.”

माझ्याविषयी इतके मोठे काही कोणी बोलल्याचे मला आठवत नाही. मी पोशाखाची चेन लावण्याचे निमित्त करून तोंड फिरवले.

त्या खेपेस थंडी तेवढीच होती. मला ती ओळखीची झाली होती, इतकेच. त्याच गार थरापाशी शैला थांबली, वळली, आणि बोटांचे वर्तुळ करून वाट पाहत राहिली. मी माझा श्वास मोजूनमापून पाहिला आणि मगच उत्तर दिले. आम्ही उतरलो. पूल उभा होता. रस्त्यावर गाळाची मऊ साय साचली होती, कठड्याला सोमाच्या जाळ्यांच्या चिंध्या लोंबत होत्या, आणि खालून कमानी जशाच्या तशा होत्या. शैलाने पोटरीला बांधलेली सुरी काढली, तिच्या मुठीने कमानीच्या दगडावर टकटक केली आणि मान तिरकी केली. पाण्याखाली आवाज कोणत्या दिशेने येतो ते समजत नाही. तो चहूकडून आला... खणखणीत. तिने माझा हात ओढून दगडावर ठेवला आणि पुन्हा ठोकले. माझ्या बधिर बोटांनाही ते कळले.

वर आल्यावर तिने मास्क काढला नाही. होडी काठाला लागेपर्यंत ती तशीच बसून होती. सोमाने या वेळी काही विचारले नाही. उतरताना तिनेच सांगितले, “भेग नाही, दादा. एकही नाही.”

शैलाने जलतरण तलावावर चाळिशी उलटलेल्या बायकांसाठी रविवार सकाळचा वर्ग सुरू केला होता. गेले काही आठवडे तो मी घेते. माझा आवाज पलीकडच्या टोकापर्यंत पोहोचत नाही, म्हणून बायकाच एकमेकींना माझ्या सूचना ओरडून सांगतात आणि हसतात. मागच्या रविवारी बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई पहिल्यांदाच खोल पाण्यात उतरणार होत्या. शिडीवर पाय ठेवून त्या थबकल्या. “आज नको,” त्या म्हणाल्या. लगेच चारी बाजूंनी गलका झाला, अहो का, काय झालं, काही होत नाही, आम्ही आहोत ना! मी हात पुढे करून त्यांना वर घेतले आणि खांद्यावर टॉवेल टाकला. त्या कारण सांगू लागल्या. मी त्यांना चहाचा पेला दिला, आणि पुढच्या रविवारी पाणी थोडे कमी गार असेल, एवढे म्हणाले.