नगण्य राशी

आमच्या गल्लीतला तो तरुण बापाच्या कारखान्यात जरीची तार ओढायचा. कामावरून उठताना तो धोतर कागदावर झटकायचा, कारण तिथला केरसुद्धा धुऊन त्यातली चांदी काढत. त्याला जबलपूरच्या कॉलेजात शिकायचं होतं. त्याआधी चलनकलनाची, म्हणजे कॅल्क्युलसची, परीक्षा होती. पास झाला तर वरच्या वर्गात बसून दोन वर्षांत पदवी, नाही तर तीन. बापानं मोकळीक दोनच वर्षांची दिली होती.

मी शाळेत गणित शिकवतो, म्हणून तो रोज सकाळी वही घेऊन यायचा. बुद्धी चांगली होती, पण अडायचा एकाच जागी.

"शेवटी उरलेली सूक्ष्म राशी सोडून दे," मी म्हणायचो.

"म्हणजे किती, काका?"

"अरे, नगण्य."

"नगण्य म्हणजे किती? फेकायची कशी हो? बाबा तर जुना झाडूपण जाळून चांदी काढतात ना!"

तीन महिने त्यानं ती सोडली नाही.

परीक्षा देऊन आल्यावर तो म्हणाला, "सोडली, काका. पण प्रत्येक उत्तराखाली लिहून आलो, इतकी राशी उरली होती, ती परीक्षकसाहेबांच्या जबाबदारीवर सोडली आहे."

आठवड्यानं पत्र आलं. पेपर तपासणाऱ्या इंग्रज प्रोफेसरानं त्याला वरच्या वर्गात घेतलं होतं.

गल्लीत पेढे वाटले, मीही दोन खाल्ले. ते पेपर माझ्याकडे तपासायला आले असते तर मी त्याला नापास केलं असतं, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.