अंगणवाडीतले माझे पाच दिवस

मुलगी तीन वर्षांची होती आणि अंगणवाडीत मला सोडायला तयार नव्हती. बायको न्हावा शेव्याला नोकरीला; ती पहाटेच्या गाडीने निघायची. मी वर्तमानपत्रात. आठवड्याची रजा काढली होती. पुढच्या सोमवारी कामावर हजर व्हायचे होते. तोवर मुलगी तिथे एकटी थांबायला लागली नाही तर काय करायचे, हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हते.

किहीमजवळच्या आमच्या गावात अंगणवाडी म्हणजे एक खोली, बाजूला छोटे स्वयंपाकघर, पुढे पडवी, भोवती नारळाची झाडे. पहिल्या दिवशी मी सेविकाबाईंना म्हणालो, "तुम्ही तिला कडेवर घ्या, मी पटकन निघतो. थोडं रडेल."

"नको. ओढून घेतलेलं मूल दिवसभर दाराकडे बघत बसतं. तुम्ही बसा. तुमचा कंटाळा आला की तीच सोडेल तुम्हाला."

त्या दिवशी मी मुलांच्या सतरंजीवर बसलो. मंगळवारी बाईंनी माझी जागा खिडकीखाली नेली, बुधवारी दारापाशी, गुरुवारी उंबऱ्यावर. तिथून सगळे नीट दिसत होते. मुले बादलीतले पाणी करवंटीने तपेल्यात ओतत, शिंपल्या लहान-मोठ्या लावत, पोफळीच्या विरीवर, म्हणजे गळलेल्या झावळीच्या रुंद बुडख्यावर, एकाला बसवून बाकीचे ओढत. नातवाला सोडायला आलेल्या एका आजोबांनी विचारले, "बाई, अ-आ कधी?"

"आधी न सांडता पाणी ओतू दे. पेन्सिल त्याच हातात धरायचीय."

स्वयंपाक करणाऱ्या मदतनीस मावशी येता-जाता मला विचारायच्या, "दादा, तुमचं पन वजन करायचं काय? काटा हाय."

बुधवारपर्यंत मुलगी माझ्या शर्टाचे टोक धरून होती. गुरुवारी ती बादलीपाशी गेली, पण दर दोन-तीन करवंट्यांनंतर मी आहे का, ते वळून बघत होती.

शुक्रवारी माझी रवानगी पडवीत झाली. खिचडी तयार झाल्यावर बाईंनी तिच्या हातात बाकीच्या मुलांपुरत्या ताटल्या मोजून दिल्या. "प्रत्येकाला एक." ती रांगेने निघाली. एकेकाच्या डोक्याला हात लावायचा आणि पुढ्यात ताटली ठेवायची. शेवटची ताटली घेऊन ती बाहेर आली आणि माझ्यापुढे ठेवली. आत शेवटी बसलेल्या मुलापुढे जमीन मोकळी होती.

"माझी?" तो म्हणाला.

मावशी आणखी एक ताटली आणायला वळल्या. बाईंनी हाताने थांबवले. मुलीने त्या मुलाकडे पाहिले, मग माझ्याकडे, मग स्वतःच्या रिकाम्या हातांकडे. थोड्या वेळाने तिने माझ्यापुढची ताटली उचलली.

"बाबा, ही त्याची हाय. तू घरी जेव."

हे "हाय" आमच्या घरचे नव्हते. ते मावशींचे होते. मी चपला घातल्या. तिने त्या मुलापुढे ताटली ठेवली आणि मावशींकडून आपली ताटली घेऊन त्याच्याच शेजारी जेवायला बसली. फाटकाबाहेर मी एका नारळाआड थांबलो. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मावशींचा आवाज आला, "दादा, झाड बारीक हाय. दिसताय."

मग निघालो. रस्त्यावर येऊन बायकोला फोन लावला.

"रडली का?" तिने विचारले.

"नाही. मला हाकललं तिनं."