लिंबाच्या ओळीतला ताणा

आधीच सांगते, मी रस्त्यात पडलेलं लिंबू-मिरची मुद्दाम तुडवून जाणारी बाई आहे. शाळेत विज्ञान शिकवते. अंगात येणं, बाहेरची बाधा असलं कोणी सांगायला लागलं की माझं डोकं फिरतं. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच चीड येऊन राहिली आहे... पण घडलं ते घडलं.

आमचं घर भंडाऱ्यात, जुन्या कोष्टी मोहल्ल्याला लागून असलेल्या ले-आऊटमध्ये. एक सरळसोट रस्ता, दोन्ही बाजूंनी कडुलिंबाची जुनी झाडं, वर फांद्या एकमेकींत गुंतलेल्या. मे महिन्यातही ऊन जमिनीपर्यंत पोचत नाही. गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा बदली टाळून इथेच राहिलेल्या साहेबलोकांनी प्लॉट घेतले, बंगले बांधले. पाहुण्यांना ते कौतुकानं सांगतात, काय प्लॅनिंग आहे बघा! कसलं प्लॅनिंग घेऊन बसलात... ही झाडं विणकरांनी लावली. पाजणीसाठी.

पाजणी म्हणजे सुताचा लांबच लांब ताणा मागावर चढवायच्या आधी उघड्यावर ताणायचा आणि कुंच्यानं त्याला भाताची खळ चोपडायची. ऊन लागलं की खळ भरकन वाळते, सूत तुटतं. म्हणून काम पहाटेचं, आणि वर झाडांची सावली. ताणा लागला असेल तर त्याला ओलांडायचं नाही, खालून वाकून जायचं. आणि ज्याच्या हातून धागा तुटला त्यानंच तो सांधायचा. माझं माहेर मोहाडीचं, आईचा माग होता, त्यामुळे हे सगळं मला ठाऊक होतं.

माझे सासरे — मी त्यांना मामाजी म्हणायची — या ओळीतले शेवटचे पाजणीवाले. माग बंद पडून जमाना झाला होता. म्हातारपणी त्यांना काही आठवेनासं झालं. पोटच्या मुलाचं नाव विसरले, पण पहाटे उठून रस्त्यावर जायचं विसरले नाहीत. मी हात धरून सोबत जायची. फाटकापासून थोडं पुढे, दोन कडुलिंबांच्या मधे आले की ते कमरेत वाकायचे आणि पलीकडे जाऊन सरळ व्हायचे. रोज, त्याच जागी. समोरचे इंजिनिअर साहेब बाल्कनीतून हसायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

त्या दिवशी धुकं होतं, शाळेत परीक्षा होती, मला घाई. मामाजी वाकायला लागले.

"वाक बाई, ताणा लागून आहे."

मी म्हटलं, काही नाही तिथे, चला. आणि दंडाला धरून त्यांना तसंच सरळ ओढलं.

छातीशी काहीतरी लागलं. कोळिष्टक लागावं तसं, पण ओलं, ताणलेलं... आणि तटकन तुटलं. मामाजी तिथेच खाली बसले आणि हमसून हमसून रडायला लागले. घरी येऊन पाहते तर माझ्या स्वेटरवर आडवा ओला पट्टा. वास घेतला, तर आंबूस भाताच्या खळीचा. माझ्या आईच्या अंगाला यायचा तोच.

दंव असेल, असं मी मनाला सांगितलं. पण मामाजींनी त्या दिवसापासून अन्नाला तोंड लावलं नाही. घास भरवला की थुंकायचे. डॉक्टर म्हणाले, या आजारात गिळायचं विसरतात, मनाची तयारी ठेवा. आमच्या ह्यांचा चेहरा पाहवत नव्हता. आई लहानपणीच गेलेली, बापानंच मोठं केलं होतं ह्यांना. मामाजी मात्र माझ्याकडेच बघत राहायचे आणि एकच गोष्ट म्हणायचे.

"तुह्या हातानं तुटला. तूच सांध."

शेवटी मी त्या जागी गेले. विज्ञान शिकवणारी मी, पहाटे रिकाम्या रस्त्यावर, वाकून पलीकडे गेले आणि वळून हवेत चाचपडत उभी राहिले. साहेबांच्या बाल्कनीतला लाइट लागला. लागू दे म्हटलं, घरी म्हातारा उपाशी मरून राहिला आहे. आईनं शिकवलं होतं तसं, दोन टोकं अंगठ्याखाली धरून पीळ द्यायचा. मी उगाचच बोटं फिरवली.

आणि पीळ बसला. अहो, बोटांत ओलं सूत होतं! दिसत काहीच नव्हतं. सोडलं तसं ते हातातून निसटून ताणलं गेलं. मग दोन्ही बाजूंच्या झाडांखालून कुंचे फिरल्याचा आवाज यायला लागला... सर्र, सर्र, एकाच लयीत. पान हलत नव्हतं. मी घाबरले, खोटं कशाला बोलू. पळत सुटावंसं वाटत होतं, तरी घराकडे येताना त्या जागी वाकूनच आले.

मामाजी खाटेवर उठून बसले होते. "भूक लागली मले," म्हणाले. वाटीभर पेज प्यायले, आणखी मागितली. पुढे तो हिवाळा काढला, उन्हाळाही काढला त्यांनी. गेले ते झोपेत, रात्री पोटभर जेवून.

डॉक्टर म्हणतात, असं होतं कधी कधी. असेल. पोरांना मी रोज सांगते, पुरावा दाखवा, मग बोला. माझ्याजवळ काय आहे? एक स्वेटर, ज्याचा तो पट्टा किती धुतला तरी कडकच राहतो. विचार करून करून थकले, अर्थ लागत नाही.

अजूनही मी पहाटे फिरायला जाते आणि त्या जागी वाकते. साहेब हसतात, हसोत. परवा मात्र बहिणीशी फोनवर बोलण्याच्या नादात विसरले. सरळच चालले होते, तर कोणीतरी डोक्यावर हात ठेवला आणि हलकेच खाली दाबलं. रस्त्यावर दुसरं कोणी नव्हतं. घरी येऊन आरशात पाहिलं, तर भांगाजवळचे केस खळीनं ताठ झालेले. दोन दिवस मी डोक्यावरून पाणी घेतलं नाही.