ताईला दाखवायचा शनी

आमगावच्या कॉलेजात मोठी दुर्बीण आली तेव्हा तिला हार घातला, नारळ फोडला आणि अवकाशाची इतकी स्तुती झाली की आभारप्रदर्शन संपेपर्यंत शनी मावळला होता. मग दुर्बीण कुलपात गेली.

माझ्या थोरल्या बहिणीची सून त्याच कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते. धानकापणी उरकल्यावर तिने परवानगी काढून दुर्बीण घरी आणली, ती ताईसाठी. ताईच्या दोन्ही डोळ्यांच्या मधोमध काळा डाग बसला आहे. कडेने तेवढे दिसते, आणि तेही कमी होत चालले आहे. दुर्बिणीला डोळा लावून तिला काहीच दिसणार नव्हते. फोटो काढून टीव्हीवर मोठा केला, तर कदाचित. शनीला कडे असते हे लहानपणी मला तिनेच पुस्तकातून वाचून दाखवले होते. प्रत्यक्ष मात्र तिने ते कधीच पाहिले नव्हते.

संध्याकाळी दुर्बीण गच्चीवर चढवली. तिथे वाळत घातलेले धान कोपऱ्यात लोटून जागा केली. ग्रहाचा फोटो म्हणजे आधी व्हिडिओ घ्यायचा. त्यातली बरी चित्रे निवडून कॉम्प्युटर ती एकावर एक रचतो. माझा फोटोग्राफीचा अनुभव लग्नाच्या पंगतींपुरता. पडद्यावर शनी आला, पण उकळत्या पाण्यातल्या साबुदाण्यासारखा.

खालून ताईने विचारले, "काऊन भाऊ, दिसला का नाही?"

"दिसते, पण थरथरून राहिला."

"मले पाहून घाबरला असल. आजवर सारे त्याले घाबरत होते."

सुनेने चप्पल काढून पाय टेकवला. "मामाजी, स्लॅब तापली आहे ना! गरम हवा वर उठून राहिली. आपण चुलीवरून शनी पाहून राहिलो."

दिवसभर ऊन मिळते म्हणूनच धान तिथे वाळवतात, हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आले नव्हते. दुर्बीण परसात, मातीवर उतरवली. शनी बराच शहाण्यासारखा उभा राहिला.

फोटो तयार झाला आणि माझा धीर सुटला. यंदा शनीचे कडे पृथ्वीवरून नेमके धारेच्या बाजूने दिसते, नुसती रेघ. क्षणभर वाटले, मोबाइलवरचे एखादे झोकदार चित्र लावून द्यावे, तिला काय कळणार? सुनेने माझ्याकडे पाहिले. मी मुकाट्याने आमचाच फोटो टीव्हीवर लावला.

ताईने खुर्ची पुढे ओढली आणि टीव्हीवर रुसल्यासारखी मान दाराकडे वळवून डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहत राहिली.

"बोरात काडी खुपसल्यावानी दिसते," ती म्हणाली. "पुस्तकात तर लय मोठं कडं होतं."

"यंदा एवढंच आहे, ताई."

"पण हा खरा आहे ना?"

"आपल्या परसातून काढला."

"मग राहू दे. चॅनेल नको बदलवू."